१२९ मतांची गव्हर्नरकी : वॉशिंग्टन राज्य, २००४

२ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हर्नरपदासाठी मतदान झालं आणि त्याचा निकाल तीनदा लागला. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डीनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. यंत्रांनी फेरमोजणी केली तेव्हाही तेच पुढे, पण फक्त ४२ मतांनी. मग माणसांनी एकेक मतपत्रिका हातात घेऊन मोजली, आणि डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार १२९ मतांनी निवडून आल्या. एकूण मतं पडली होती २८ लाख १० हजार. म्हणजे साधारण बावीस हजारांत एका मताचा फरक. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि जून २००५ मध्ये न्यायाधीशांनी हा फरक १३३ करून टाकला. तो कसा, ते पुढे येईलच.

हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचं शहर नव्हे. पॅसिफिक किनाऱ्यावरचं, सिएटल, बोइंग आणि मायक्रोसॉफ्टचं राज्य. तिथला गव्हर्नर कामाच्या दृष्टीने आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा असतो, फक्त तो थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश या सिएटलच्या पूर्वेकडच्या गावांत आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत, त्यामुळे नावं काही वाचकांच्या कानावरची असतील. रॉसी समामिशचेच.

निसटत्या निकालाच्या गोष्टी जगभर सापडतात. हे प्रकरण मी निवडलं ते पत्रकारांसाठी. लढत अटीतटीची असली की आपण प्रचार अधिक बारकाईने पाहू लागतो: सभेला किती माणूस होतं, कुठली जाहिरात चालली, वादविवादात कोण अडखळलं. २००४ च्या वॉशिंग्टनमध्ये खरी लढाई झाली ती पाकिटावरच्या सह्या तपासणाऱ्या कारकुनांच्या टेबलावर. ते टेबल कसं चालतं, तिथले नियम काय, हे मतदानाच्या दिवसापर्यंत फारसं कोणी वाचकांना सांगितलेलं नव्हतं.

दोन उमेदवार

ग्रेग्वार १९९३ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकील होत्या. त्याआधी पर्यावरण खात्याच्या प्रमुख असताना हॅनफर्डच्या अणुकचऱ्याच्या सफाईसाठी केंद्र सरकारशी झालेल्या १९८९ च्या करारात त्यांचा वाटा होता. देशभर नाव झालं ते १९९८ मध्ये. सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांना मिळून २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, त्या तडजोडीच्या वाटाघाटींत त्या पुढे होत्या. एवढी पुण्याई गाठीशी असलेला उमेदवार प्रचारात सहज तरून जाईल असं पक्षाने धरलं होतं. राज्यात १९८० नंतर एकही रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आलेला नव्हता. आठ वर्षं गव्हर्नर राहिलेले गॅरी लॉक तिसऱ्यांदा उभे राहणार नव्हते. पक्षांतर्गत निवडणुकीत ग्रेग्वार यांनी किंग काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) प्रमुख रॉन सिम्स यांना सहज हरवलं. सिम्स यांनी राज्यात आयकर आणावा अशी भूमिका घेतली होती; वॉशिंग्टनमध्ये तेव्हा राज्याचा आयकर नव्हता, आणि तो आणू म्हणणाऱ्याला तिथे मतदार जवळ करत नसत. हे सिम्स पुढे पुन्हा येतात.

रॉसी जमीन-इमारतींच्या व्यवसायातले, शाळामास्तरांचे चिरंजीव आणि राज्य सिनेटचे माजी सदस्य. २००३ मध्ये सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष असताना त्यांनी अब्जावधी डॉलरची तूट सर्वसाधारण कर न वाढवता भरून काढणारा अर्थसंकल्प मांडला, आणि तो डेमोक्रॅटांच्या मदतीने पार पडला. तेच त्यांचं भांडवल. बोइंगने २००१ मध्ये मुख्यालय शिकागोला हलवलं होतं, ११ सप्टेंबरनंतर विमानं बांधणाऱ्या हजारोंची नोकरी गेली होती, डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. ‘वीस वर्षं एकाच पक्षाची माणसं बसली आहेत, आता बदल करा’ हा रॉसींचा सूर अशा वेळी लोकांना पटण्यासारखा होता. गर्भपातासारख्या विषयांवर आपली कडवी मतं त्यांनी प्रचारात पुढे येऊ दिली नाहीत. सिएटलच्या परिसरात रिपब्लिकनाला टिकायचं तर हे करावंच लागतं.

ग्रेग्वार यांच्यावर मुख्य वार होता तो एका चुकलेल्या तारखेचा. २००० मध्ये राज्याविरुद्ध सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला, आणि त्यांच्या कार्यालयाकडून अपिलाची मुदत टळून गेली. कारभाराची घडी बसवणारी बाई अशी जिची ख्याती, तिच्याच कचेरीत अपिलाचा कागद वेळेवर पोचला नाही, हे विरोधकांना आयतंच मिळालं. उलट बाजूने रॉसींच्या अर्थसंकल्पाने गरीब मुलांच्या आरोग्यसेवेला कशी कात्री लावली, हे ग्रेग्वार सांगत राहिल्या. प्रचार एकंदरीत रटाळच होता, हे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही. ग्रेग्वार यांची बोलण्याची ढब सरकारी टिप्पणीसारखी, आणि रॉसी हसतमुख. वर्तमानपत्रांनी हा फरक पुरेपूर रंगवला.

त्या वर्षी राज्यातला सगळ्यात बोलका आकडा मात्र वेगळाच आहे. त्याच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांना ग्रेग्वार यांच्यापेक्षा सुमारे १ लाख ३७ हजार मतं जास्त पडली. रॉसींना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ६८ हजार जास्त. म्हणजे वर केरी आणि खाली रॉसी असं मत देणारे हजारो लोक होते. अभ्यासाचा विषय हा होता. हे मतदार कोण, कुठल्या उपनगरातले, त्यांना नेमका कशाचा कंटाळा आला होता, यावर महिनाभर लिहिता आलं असतं.

निकालानंतरची बहुतेक विश्लेषणं मात्र १२९ मतांचं कारण शोधत बसली. सरकार आणि कर कमीत कमी हवेत म्हणणाऱ्या छोट्या लिबर्टेरियन पक्षाच्या रूथ बेनेट यांनी ६३,४६५ मतं घेतली, म्हणून रॉसी हरले. अपिलाची तारीख चुकली, म्हणून ग्रेग्वार जेमतेम जिंकल्या. अमुक काउंटीत पाऊस होता. बावीस हजारांत एक मत इकडचं तिकडे व्हायला काहीही पुरतं. तेव्हा असं प्रत्येक कारण खरं ठरतं, आणि म्हणूनच कुठलंही एक कारण काही सांगत नाही. लढत इतक्या काठावर का आली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. काठावरून नेमकं कोणाच्या धक्क्याने कोण पडलं, हे विचारण्यात रकाने फुकट जातात.

मोजणी इतकी लांबते का

वॉशिंग्टनमध्ये तेव्हाही बहुसंख्य लोक टपालाने मत देत. पाकिटावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असला की मत ग्राह्य. त्यामुळे पाकिटं नंतरही कित्येक दिवस येत राहतात आणि मतदानाच्या रात्री मोजणी अर्धवटच असते. राज्यात ३९ काउंट्या. प्रत्येक काउंटी आपापली मतं मोजते. बहुतेक काउंट्यांत रॉसी पुढे होते, पण सिएटल जिच्यात येतं ती किंग काउंटी एकटीच राज्याच्या जवळपास एक तृतीयांश मतांची, आणि ती डेमोक्रॅटांची. दोन आठवडे आकडा कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिला. १७ नोव्हेंबरला सगळी बेरीज झाली तेव्हा रॉसी २६१ ने पुढे.

राज्याच्या कायद्याप्रमाणे दोन हजारांहून कमी आणि अर्ध्या टक्क्याहून कमी फरक असला की यंत्राने फेरमोजणी आपोआप होते. ती झाली, फरक ४२ वर आला. ३० नोव्हेंबरला राज्यातल्या निवडणुका ज्यांच्या अखत्यारीत येतात ते राज्याचे सचिव सॅम रीड यांनी रॉसी विजयी असल्याचं प्रमाणपत्र दिलं. रीड स्वतः रिपब्लिकन. आता हाताने मोजायचं तर मागणी करणाऱ्या पक्षाने पैसे आगाऊ भरायचे. निकाल फिरला तर पैसे परत. ३ डिसेंबरला डेमोक्रॅटिक पक्षाने ७ लाख ३० हजार डॉलर भरले. काही काउंट्यांत मोजून भागणार नव्हतं, ग्रेग्वार यांचा आग्रह संपूर्ण राज्यात मोजा असा होता. पैसे पुढे परत मिळाले.

प्रत्येक मोजणीत आकडा बदलतो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हा समज तेव्हा पसरला आणि आजही पसरतो. मतपत्रिकेवर नावासमोरचा लंबगोल काळा करायचा असतो. कोणी त्यात फुली मारतं, कोणी नावाभोवती गोल काढतं, कोणी फिकट पेन्सिलने हात फिरवतं. यंत्र हे वाचत नाही, माणूस वाचतो. शिवाय फाटलेली, कॉफी सांडलेली पत्रिका कर्मचारी नव्या पत्रिकेवर उतरवतात, ते करतानाही चूक होऊ शकते. अठ्ठावीस लाख कागदांत अशा शेकडो जागा निघतात. एरवी विजय पन्नास हजारांचा असतो, म्हणून कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. निवडणूक यंत्रणेच्या चुकीचं प्रमाणच विजयाच्या फरकापेक्षा मोठं असेल तर काय करायचं, हा प्रश्न मग राजकारण्यांसमोर उरतो, वकिलांसमोर उरतो आणि बातमीदारांसमोरही.

लॅरी फिलिप्स यांचं पाकीट

टपाली मताला दोन पाकिटं असतात. आतलं कोरं, मत गुप्त राहावं म्हणून. बाहेरच्यावर मतदाराची सही आणि तिच्यावर शपथेचा मजकूर. ही बाहेरची सही कर्मचारी संगणकात साठवलेल्या, नोंदणीच्या वेळी केलेल्या सहीशी ताडून बघतो. जुळली की आतलं पाकीट पुढे सरकतं. जुळली नाही तर मतदाराला कळवतात. आता समजा संगणकात सहीच नाही. जुनी नोंदणी, कागद कधी स्कॅन झालेला नाही. अशा वेळी कपाटातून मूळ नोंदणीपत्र काढून बघायचं असतं. किंग काउंटीत काही शेकडो पाकिटांच्या बाबतीत ते झालं नाही. सही सापडली नाही, तेव्हा ‘सही जुळत नाही’ च्या गठ्ठ्यात पाकीट गेलं आणि मत बाद झालं.

हे उघडकीस आलं ते मोठ्या गमतीने. लॅरी फिलिप्स हे किंग काउंटीच्या परिषदेचे अध्यक्ष, डेमोक्रॅट. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागातल्या बाद मतदारांची यादी ते चाळत होते, आणि यादीत त्यांचंच नाव. ज्या काउंटीच्या सभागृहाचे ते अध्यक्ष, तिनेच त्यांचं मत टाकून दिलेलं. त्यांनी विचारणा केली, शोध सुरू झाला, आणि अशी ५७३ पाकिटं निघाली. मागाहून आकडा सातशेच्या वर गेला.

ही सगळी धावपळ चालली होती हाताने मोजणी सुरू असताना, आणि काउंटी होती किंग. रिपब्लिकनांना जे वाटायचं ते वाटलंच: मोजणीत कमी पडतंय म्हटल्यावर मतं ‘सापडायला’ लागली. किंग काउंटीचे निवडणूक प्रमुख डीन लोगन ज्यांच्या हाताखाली काम करत ते काउंटी प्रमुख म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत ग्रेग्वार यांच्याकडून हरलेले रॉन सिम्स; डेमोक्रॅटच. संशयाला जागा होती. आणि ग्रेग्वार अजून ॲटर्नी जनरल होत्या, म्हणजे कोर्टात सॅम रीड यांच्या बाजूने उभं राहणारं वकिलांचं कार्यालय कागदोपत्री त्यांचंच. राज्यघटनेच्या चौकटीत हे असंच बसवलेलं होतं, त्यात कोणाचा कट नव्हता. पण बाहेरून पाहणाऱ्याला कट दिसावा अशीच ती मांडणी होती, हे कबूल करायला हवं.

काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळाने ही मतं पुन्हा तपासायचं बहुमताने ठरवलं. रिपब्लिकन शेजारच्या पिअर्स काउंटीच्या कोर्टात गेले. १७ डिसेंबरला तिथल्या न्यायाधीशांनी मोजणी थांबवली. २२ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती स्थगिती उठवली. तोवर वादातली पाकिटं न धरताच किंग काउंटीची मोजणी पुरी होत आली होती, आणि ग्रेग्वार १० मतांनी पुढे गेल्या होत्या. ही मतं धरल्यावर फरक १३० झाला, आणि ३० डिसेंबरच्या अंतिम प्रमाणपत्रात १२९: ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२. म्हणजे लॅरी फिलिप्स यांचं मत मोजलं नसतं तरी निकाल तोच राहिला असता. बातम्यांच्या गदारोळात हे वाक्य फारच खाली, शेवटच्या परिच्छेदांत गेलं.

आणखी एक गोष्ट वाचकांपर्यंत नीट पोचली नाही. याच न्यायालयाने आठच दिवस आधी, १४ डिसेंबरला, डेमोक्रॅटांची मागणी फेटाळली होती. त्यांना राज्यभरातली सगळी बाद मतं नव्याने तपासून हवी होती. न्यायालय म्हणालं, फेरमोजणी म्हणजे मोजलेली मतं पुन्हा मोजणं, बाद ठरवलेल्यांचा पुन्हा निवाडा करणं नव्हे. मग आठ दिवसांनी किंग काउंटीला परवानगी कशी? कायद्यात त्याला वेगळी वाट आहे: काउंटीच्या मंडळाला स्वतःच्या कामातली उघड चूक दुरुस्त करता येते. एकीकडे पक्षाने सरसकट फेरतपासणी मागणं, दुसरीकडे यंत्रणेने आपली ठरावीक चूक निस्तरणं. फरक बारीक आहे, पण आहे. तो दोन वाक्यांत समजावता येतो. बातम्या मात्र ‘न्यायालयाचा आधी त्यांना धक्का, मग यांना धक्का’ अशा धाटणीच्या निघाल्या आणि वाचकाला न्यायालयच तळ्यात-मळ्यात करतंय असं वाटलं.

तत्त्वं आणि आघाडी

या दोन महिन्यांत दोन्ही पक्षांनी आपापली तत्त्वं किती सहज अदलाबदल केली, तो या प्रकरणातला मला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. नोव्हेंबरमध्ये रॉसी पुढे होते तेव्हा रिपब्लिकन म्हणत होते, मतमोजणी झाली, आता पुरे. नियम आधी ठरलेले आहेत. डेमोक्रॅट म्हणत होते, प्रत्येक मत मोजा. त्यांनी कोर्टाच्या हुकमाने किंग काउंटीतून सहीत अडकलेल्या मतदारांची नावं मिळवली आणि कार्यकर्ते दारोदार फिरून सह्या गोळा करू लागले. डिसेंबर अखेरीस ग्रेग्वार पुढे गेल्या. आता रिपब्लिकन आपल्या काउंट्यांतल्या बाद मतदारांची प्रतिज्ञापत्रं घेऊन आले, आणि डेमोक्रॅट म्हणू लागले, झालं ते झालं. २९ डिसेंबरला रॉसींनी ग्रेग्वार यांना पत्र लिहून दोघांनी मिळून नवी निवडणूक मागू या असं सुचवलं. आपण पुढे असताना त्यांनी हे सुचवलं नव्हतं.

अशा वेळी ‘हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात’ असं लिहून बातमीदार मोकळा होतो. त्याने कोणी रागावत नाही. पण वाचकाला उपयोग होतो तो महिन्यापूर्वी याच माणसाचं म्हणणं काय होतं हे शेजारी ठेवल्याने. सिएटलच्या दोन दैनिकांनी हे काम काही प्रमाणात केलं. त्यांच्या बातमीदारांनी गुन्हेगारांच्या याद्या आणि मतदार नोंदी ताडून, मतदानाचा हक्क गमावलेल्या शेकडो लोकांनी मतं दिल्याचं दाखवून दिलं. ब्लॉगवरची मंडळीही हिरिरीने नोंदी उपसत होती, आणि त्यांनी काढलेल्या काही गोष्टी खऱ्या निघाल्या. किंग काउंटीत ३४८ प्रोव्हिजनल मतपत्रिका, म्हणजे आधी मतदाराची पात्रता तपासून मगच मोजायच्या अशा, मतदान केंद्रावर थेट यंत्रात सरकवल्या गेल्या होत्या. ढिसाळपणा भरपूर होता. ढिसाळपणा आणि लबाडी यांतलं अंतर राखणं त्या काळात भल्याभल्यांना जमलं नाही.

सॅम रीड यांचं मला या सगळ्यात कौतुक वाटतं. त्यांनी आधी स्वपक्षाच्या रॉसींना प्रमाणपत्र दिलं, मग कायद्याने ग्रेग्वार यांना दिलं, आणि नवी निवडणूक घ्यायला कायद्यात आधार नाही हे ते सांगत राहिले. त्यांच्याच पक्षाने त्यांच्या नावाने बोटं मोडली. २००८ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

वेनॅचीचा खटला

ग्रेग्वार यांनी १२ जानेवारी २००५ ला शपथ घेतली. त्याआधी पाच दिवस रिपब्लिकनांनी निवडणूक रद्द करण्यासाठी शेलॅन काउंटीत, वेनॅची गावच्या कोर्टात अर्ज केला होता. सफरचंदांच्या बागांचं हे गाव कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला, रॉसींना अनुकूल मुलखात. न्यायाधीश जॉन ब्रिजेस. खटला २३ मे रोजी उभा राहिला आणि ६ जूनला निकाल आला.

कोर्टाने धरलं की १,६७८ मतं बेकायदा पडली होती. त्यांतली बहुतेक, चौदाशेच्या आसपास, मताधिकार गमावलेल्या गुन्हेगारांची. वॉशिंग्टनच्या तेव्हाच्या कायद्यात शिक्षा भोगून सुटलेला माणूस कोर्टाचा दंड पूर्ण फेडेपर्यंत मतदार होत नसे. अनेकांना आपला हक्क परत आलेला नाही हे ठाऊकही नव्हतं, आणि निवडणूक कचेऱ्यांकडे राज्यभराची एकत्र यादी नव्हती. ती २००६ मध्ये आली. १,६७८ बेकायदा मतं आणि फरक १२९. ऐकणाऱ्याला वाटेल, झालं, निवडणूक रद्द.

पण मत गुप्त असतं. ही मतं कोणाला पडली? रिपब्लिकनांच्या तज्ज्ञांनी तोडगा काढला: ज्या वस्तीत ग्रेग्वार यांना साठ टक्के मतं पडली, तिथल्या बेकायदा मतांतली साठ टक्के त्यांची धरा आणि वजा करा. तसं केलं की रॉसी जिंकत. ब्रिजेस यांनी हा हिशेब नाकारला. वस्तीचा कल हा त्या वस्तीतल्या एका विशिष्ट माणसाचा कल नसतो. गुन्हेगार मतदार बहुतेक पुरुष, त्यांचं मत शेजारच्या शिक्षिकेसारखंच असेल कशावरून? कायदा मागत होता तो पुरावा: बेकायदा मतं जिंकलेल्या उमेदवारालाच पडली आणि त्यामुळे निकाल फिरला, असा. तो कोणाकडेच नव्हता.

डेमोक्रॅटांनी मात्र काही माणसं शोधून आणली, ज्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही गुन्हेगार, आम्हाला मताचा हक्क नव्हता, आणि आम्ही रॉसींना मत दिलं. अशी चार मतं कोर्टाने रॉसींच्या खात्यातून कमी केली, एक बेनेट यांच्या. पाच महिन्यांच्या खटल्यातून रॉसींनी मिळवलं ते हे: १२९ चे १३३. त्याच दिवशी त्यांनी हार मान्य केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा राजकीय रंग पाहता अपिलात अर्थ नाही, असं म्हणत.

आपल्याकडे याच्या जवळचं प्रकरण २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिममध्ये झालं. रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, अमोल कीर्तिकर हरले, आणि तिथेही चर्चा येऊन ठेपली ती बाद झालेल्या १११ टपाली मतांवर. आपल्या निवडणूक आयोगाचा नियम असा की आघाडी बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर सगळी बाद मतं निकालाआधी पुन्हा तपासायची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्या ४ जूनच्या संध्याकाळी वाहिन्यांवर कोण जिंकलं हे दर दहा मिनिटांनी बदलत होतं. टपाली मत कशाने बाद होतं, हे तिथल्या तिथे समजावून सांगणारा कोणी मला तरी दिसला नाही.

नंतर

वॉशिंग्टनने या धड्यावर काम केलं, तेही कुरबुरत. परदेशी असलेल्या सैनिकांना मतपत्रिका वेळेत मिळाव्यात म्हणून पक्षांतर्गत निवडणूक सप्टेंबरवरून ऑगस्टला आली. मतदान केंद्रं एकेका काउंटीतून बंद होत गेली आणि २०११ पासून राज्यभर टपालानेच मतदान होतं. किंग काउंटीच्या मतदारांनी निवडणूक प्रमुखाचं पद नेमणुकीचं न ठेवता निवडणुकीने भरायचं ठरवलं. डीन लोगन पुढे लॉस एंजेलिस काउंटीत गेले आणि तिथे देशातल्या सगळ्यात मोठ्या स्थानिक मतदार यादीचे प्रमुख झाले.

जॉन मॅके यांची गोष्ट वाईट झाली. ते सिएटलमधले केंद्र सरकारचे वकील, खुद्द बुश यांनी नेमलेले. ग्रेग्वार यांच्या निवडणुकीत गैरव्यवहाराचा खटला भरावा म्हणून रिपब्लिकनांकडून त्यांच्यावर दबाव होता. पुरावा नाही म्हणून त्यांनी तो भरला नाही. डिसेंबर २००६ मध्ये ज्या सरकारी वकिलांना एका फटक्यात काढण्यात आलं, त्यांत मॅके होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या संसदेसमोर साक्ष देताना त्यांनी एका खासदाराच्या प्रमुख सहाय्यकाकडून याबाबत आलेल्या फोनचा उल्लेख केला.

२००८ मध्ये ग्रेग्वार आणि रॉसी पुन्हा समोरासमोर आले. आता नियम असा होता की उमेदवार स्वतःला आवडेल तसं पक्षाचं नाव मतपत्रिकेवर लिहू शकतो. रॉसींनी ‘रिपब्लिकन’ न लिहिता ‘जीओपी’ लिहिलं. पक्षाचं हे जुनं टोपणनाव सगळ्यांना कळतं असं नाही, आणि बुश यांच्या कारकिर्दीच्या शेवटी ‘रिपब्लिकन’ शब्द मतपत्रिकेवर कोणालाच नको होता. डेमोक्रॅट कोर्टात गेले, मतपत्रिका बदलल्या नाहीत. या वेळी ग्रेग्वार १ लाख ९४ हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. फेरमोजणीची गरज पडली नाही, त्यामुळे सह्या किती जुळल्या आणि किती पाकिटं बाद झाली याची बातमीही कोणी केली नाही.